सत्त्याण्णवावी जागा

किब्दो, १४ नोव्हेंबर

प्रिय देया,

तुला अजून या नावाने हाक मारावी की नाही, यावर विचार करत बसलो तर हे पत्र नाताळपर्यंतही सुरू होणार नाही. म्हणून मारली हाक. नऊ वर्षांत मी तुला अकरा पत्रं लिहायला घेतली आणि त्यातलं एकही पहिल्या पानाच्या खाली उतरलं नाही. मोजून ठेवायची माझी खोड गेलेली नाही, बघ. हे बारावं मात्र तुझ्या हातात पडणार, कारण येसेनिया पालासियोस शनिवारी मेडेयिनला परत जाते आहे आणि हे तिच्या पिशवीतून येणार आहे. येसेनिया तुला आठवेल. दोन वेण्या, पहिला बाक, तुझ्या तासाला पानंच्या पानं निबंध लिहायची आणि माझ्या तासाला खिडकीतून नदी बघायची. ती आता तिथल्या विद्यापीठात माणसांच्या रक्तावर संशोधन करते. पत्र देऊन ती लगेच जाणार नाही, तिला तुझ्याशी बोलायचंही आहे. तिला कॉफी दे, बसव, पण आधी हे वाच. तिच्याआधी मला बोलायचं आहे.

इकडचं सांगायचं तर येस्किता वस्तीतलं आपलं घर उभं आहे. मागच्या बाजूचा पत्रा दोनदा बदलला. खांबांवर चढवलेली ती जुनी होडी, जिच्यात तू कोथिंबीर आणि तुळस लावायचीस, ती मी टाकली नाही. दरवर्षी तिच्यात माती भरतो, बी पेरतो आणि शेजारच्या मार्लेनीच्या कोंबड्या उगवलेलं सगळं खातात. मार्लेनी म्हणते, "मास्तर, तुम्ही कोंबड्यांसाठीच पेरता, एकदाचं कबूल करून टाका." नदी आहे तिथेच आहे. पावसाबद्दल लिहीत नाही, थांबला की कळवीन. शाळेत नवे मुख्याध्यापक आलेत, ते दिवसभर व्हरांड्यातून नाकाने कांदे सोलत फिरतात. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतो. शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी तुझी खुर्ची अजून आहे. तिच्यावर कुणी बसलं तर मी काही बोलत नाही, पण माझं तोंड बघून लोक उठतात म्हणे.

आणि मला तुझी आठवण येते. हे वाक्य अकराही पत्रांत होतं आणि प्रत्येक वेळी मी याच्यापाशीच अडकलो. रविवारी सकाळी धक्क्यावरून बोकाचिको आणायला जातो तर दोन मासे आणतो. एक तळतो, एक मार्लेनीला देतो. कोळीण आता विचारतही नाही, मला बघितलं की दोन बांधते. तिला "एकच दे" असं सांगायचं माझ्याच्याने होत नाही, कारण ते सांगितलं की तू गेलीस हे मी मान्य केल्यासारखं होईल. साठीला आलेला माणूस आणि कोळिणीला घाबरतो. हस खुशाल.

गेल्या महिन्यात सान पाचोच्या उत्सवाला तुझी मावसबहीण नोहेमी आली होती. आमच्या वस्तीची मिरवणूक निघाली, क्लॅरिनेटवाले पुढे, आणि ती माझ्या बाजूला नाचता नाचताच म्हणाली, "तिने घरभर चिठ्ठ्या लावल्यात, एलादियो. कपाटावर चिठ्ठी, गॅसवर चिठ्ठी, दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी. साखर इथे, किल्ली तिथे. अरे, पंचावन्न वर्षांची बाई, डोकं सुरीसारखं चालतंय, आणि आत्तापासून चिठ्ठ्या कसल्या?" मी नाचायचा थांबलो. मागच्यांनी ढकललं म्हणून पुढे सरकलो. मग तिने एकेक सांगितलं. चर्चच्या गाण्याच्या मंडळाने बोलावलं तर तू गेली नाहीस, का तर ओळी विसरशील. मांजर घेतलं नाहीस, त्याला खायला घालायचं विसरशील. एका विधुर गृहस्थाने तुला जेवायला चल म्हटलं तर तू पहिल्याच भेटीत त्याला तुझा आकडा सांगितलास आणि बिचारा पळाला. तो पळाला हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? पण नोहेमी पुढे म्हणाली, "ती जगतच नाही रे. आजाराची वाट बघत बसली आहे." 

तो आकडा. देया, ते दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. शिक्षकांच्या आरोग्य योजनेने मेडेयिनच्या प्रयोगशाळेची माणसं आणली होती, पांढऱ्या पेट्या घेऊन. सगळ्यांनी व्हरांड्यात रांग लावून काचेच्या नळीत थुंकायचं, आणि पुढे कोणता आजार होण्याचा किती धोका आहे ते त्या थुंकीवरून आधीच कळणार. व्यायामाचा विल्बेर्तो नळी परत देताना म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा कुणीतरी थुंकल्याबद्दल माझे आभार मानले!" खानावळीतली दोन्या पासिफिका कॉफीचा ट्रे घेऊन चालली होती, तिलाही लोकांनी ओढलं, "थुंका, आजी, फुकट आहे!" सगळी जत्राच होती. तू तेवढी हसत नव्हतीस. बाकीच्यांना दहा आजारांचं कुतूहल होतं, तुला एकाचंच भय होतं.

कारण तुझी आई. दोन्या उबाल्दिनाची ती नऊ वर्षं मी तुझ्याबरोबर काढली आहेत. आधी ती तुला तुझ्या मेलेल्या मावशीच्या नावाने हाक मारायला लागली. मग चपलांमध्ये तांदूळ लपवायला लागली. शेवटी शेवटी तू भरवायला गेलीस की ती तुझ्या हाताला चावायची आणि "घरात चोर शिरलाय" म्हणून ओरडायची. तू हातावर पट्टी बांधून शाळेत यायचीस आणि मुलांना सांगायचीस, कुत्रा चावला. तिला पुरून आलो त्या संध्याकाळी तू मला म्हणालीस, "मला हे झालं तर मला सरळ आत्रातो नदीत सोडून दे." मी म्हणालो, "मग मागून मला उडी मारावी लागेल, आणि मला पोहता येत नाही." तू हसलीस. किती दिवसांनी हसलीस!

मग दीड महिन्याने पाकिटं आली. प्रत्येकाचं वेगळं, बंद केलेलं. तुझ्यातलं वाक्य मला पाठ आहे, कारण तू ते दोनदा वाचून दाखवलंस. विस्मृतीच्या आजाराचा सगळ्यात कमी धोका पुढे आणि सगळ्यात जास्त शेवटी, अशी शंभर माणसं रांगेत उभी केली, तर तुमची जागा सत्त्याण्णवावी.

आपल्या शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या पोटात कळ आली तर दुपारपर्यंत सगळ्या गावाला खबर होते. त्या आठवड्यात मात्र सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मला तेव्हा ते विचित्र वाटलं नाही, कारण मी आपल्यातलाच आहे. आपल्याकडे बेंबी मध्ये येते. नाळ पडली की मोठं माणूस त्या ओल्या बेंबीत कसली ना कसली भुकटी भरतं, आणि जे भरलं ते मूल होतं. पुढे काही चांगलं घडलं की त्या भुकटीचं कौतुक आणि वाईट घडलं की जिने भरली तिचं नाव निघतं. विल्बेर्तोच्या आजीने त्याच्या बेंबीत झाडावर लोंबणाऱ्या त्या आळशी जनावराच्या नखाची भुकटी भरली होती, पकड घट्ट व्हावी म्हणून. झालीही, पंजा लढवण्यात त्याला अजून कुणी हरवलेलं नाही. पण कागद हातात पडला तेव्हा, हे त्याने आत्ता सांगितलं, त्याला वाटलं, नखाबरोबर त्या जनावराची मंद बुद्धीही आली. हे बोललं तर ज्या आजीने त्याला वाढवलं तिच्या डोक्यावर लोक खापर फोडतील, ही त्याला भीती. रसायनशास्त्राच्या आना फेलिसाला वाटलं, आत्याने घातलेला सोन्याचा कीस डोक्याला चढला. ही बाई मुलांना आवर्तसारणी शिकवते!

आणि तुझ्या आईने तुझ्या बेंबीत ईल माशाची भुकटी भरली होती, पोरगी कुणाच्या तावडीत सापडू नये म्हणून. तू त्यावरून माझी चेष्टा करायचीस, "मला घट्ट धरू नकोस हं, निसटेन." पण आईच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला तुझ्या मावश्या स्वयंपाकघरात काय कुजबुजत होत्या ते आपण दोघांनी ऐकलं होतं. ईल लावलं की माणूसच नाही, डोक्यातलंही सगळं निसटतं, उबाल्दिनाने पोरीचं वाटोळं केलं. म्हणून तू तेव्हा तो आकडा माझ्याशिवाय कुणाला सांगितला नाहीस. आईला मेल्यावर तरी बोल लागू नये म्हणून. प्रत्येक घरात हेच झालं असणार. प्रत्येकाने आपापल्या आई-आजीची अब्रू राखली आणि कागद कपाटात तळाशी घातला.

मला तू सांगितलंस तो रविवार होता, दुपार होती, तू कच्ची केळी सोलत होतीस. सगळं ऐकून मी तुझ्यासमोर बसलो आणि म्हणालो की मी आहे. मी भरवीन, न्हाऊ घालीन, तू मला चोर म्हणालीस तरी दारातून हलणार नाही. फार छान बोललो. तू सुरी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "तू हे सगळं खरंच करशील, एलादियो. म्हणूनच मला जायला हवं." मी तुझी किती मनधरणी केली, पण तू तिसऱ्या आठवड्यात निघालीस. तुझी पेटी मीच उचलून सकाळच्या बसवर चढवली. बस डोंगराच्या वळणाला दिसेनाशी झाली तरी माझा पाय तिथून निघत नव्हता. कॉफीवाल्याने स्टूल आणून दिलं.

आता गेल्या गुरुवारचं. येसेनिया शाळेत आली, शिक्षकांच्या खोलीत उभी राहिली आणि म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वी तुमची तपासणी झाली होती. विस्मृतीच्या आजाराचा कुणाचा किती आकडा आला होता, सांगाल का?" आना फेलिसा पेन उघडझाप करत बसली. विल्बेर्तोला एकदम खिडकी लावायची आठवण झाली. तेवढ्यात दोन्या पासिफिका कॉफी घेऊन आत आली. ती आता एकाहत्तर वर्षांची आहे आणि अजून कुणाच्या बापाला ऐकत नाही. तिने ट्रे दाणकन ठेवला. "काय मेलं सगळ्यांची दातखीळ बसली? मी सांगते. अठ्ठ्याण्णव! नऊ वर्षं कागद पेटीत आहे, सुनेलासुद्धा दाखवला नाही. आणि आता मला सांगा, विल्बेर्तो सर, तुम्ही या शाळेत आलात त्या पहिल्या दिवशी काय जेवलात?" विल्बेर्तो म्हणाला, "चोवीस वर्षं झाली, आजी, कसं आठवणार?" "मला आठवतं. सॉसेज घातलेला भात. दोनदा घेतलात, आणि तिसऱ्यांदा घ्यायचा होता पण नवीन म्हणून लाजलात. मी अठ्ठ्याण्णव, आणि विसरता तुम्ही!"

जे हसू फुटलं, देया, ते मुलांच्या वर्गांपर्यंत गेलं. आणि हसता हसता आकडे बाहेर पडायला लागले. आना फेलिसा तोंडावर हात धरून म्हणाली, "पंच्याण्णव." इतिहासाचे सर म्हणाले, "सत्त्याण्णव, आणि कृपा करून माझ्या आईला कळू देऊ नका, ती अजून जिवंत आहे." येसेनिया मला म्हणाली, "सर, फळ्यावर लिहा ना." मी लिहीत गेलो. चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव, पुन्हा सत्त्याण्णव. तुझाही लिहिला, नाव न सांगता. तेवीस आकडे झाले. सगळ्यात कमी एक्क्याण्णव, तो निघाला विल्बेर्तोचा, ज्याने नऊ वर्षं सगळ्यात जास्त धसका घेतला होता. मी खडू हातात धरून बघत राहिलो. तिसावं वर्ष आहे माझं गणित शिकवण्याचं. शंभरांच्या रांगेत आम्ही सगळेच्या सगळे टोकाच्या दहांत! मी विचारलं, "मग उरलेले नव्वद आहेत कुठे?" विल्बेर्तो म्हणाला, "ते इथे राहतच नाहीत, मास्तर!" पुन्हा सगळे हसले. येसेनिया मात्र हसली नाही. म्हणाली, "अगदी बरोबर, सर. ते इथे राहत नाहीत."

मग तिने समजावलं. त्या रांगेतली शंभर माणसं समुद्रापलीकडच्या गोऱ्यांची. त्यांच्या रक्तातल्या हजारो बारीक खुणा बघून, कोणती खूण आजारी माणसांत जास्त सापडते याचा हिशेब मांडला आणि त्याचं माप तयार केलं. पण त्यातल्या कितीतरी खुणा आपल्या लोकांत सरसकट असतात, आजारी असो की ठणठणीत. शिवाय ज्या खुणेचं त्यांच्यात किलोभर वजन, तिचं आपल्यात पावशेरही भरत नाही. त्या मापाने आपल्याला मोजलं की आपलं सगळं गावच टोकाला जाऊन उभं राहतं. मला आपल्या धक्क्यावरची पाणी मोजायची पट्टी आठवली. कुठल्यातरी उथळ नदीची पट्टी आणून आत्रातोत रोवली तर ती रोज पूर आला म्हणून सांगेल. आना फेलिसाने घाईने विचारलं, "म्हणजे आम्हाला हा आजार होणार नाही?" येसेनिया म्हणाली, "असं मी कुठे म्हटलं, बाई? कुणाला होईलही. घरात कुणाला झाला होता का, रक्तदाब किती, वय किती, याला अर्थ आहे. पण हा कागद तुम्हाला ओळखत नाही. तुमच्यात कुणाला धोका जास्त नि कुणाला कमी, एवढंसुद्धा त्याला सांगता येत नाही."

ती त्याचसाठी आली आहे. आपल्या लोकांचं, वरच्या नदीकाठच्या गावांचंसुद्धा, रक्त गोळा करायचं आणि म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायची. कुणाची टिकली, कुणाची गेली ते बघायचं. मग कधीतरी आपलं माप आपल्यावरून होईल. वर्षं लागतील म्हणाली. दोन्या पासिफिका म्हणाली, "परत थुंकायचं?" "नाही आजी, या वेळी रक्त." "म्हणजे आधीपेक्षा वाईट!" पण बाही तिनेच पहिली वर केली. मेडेयिनला गेलेल्यांचंही रक्त येसेनियाला हवं आहे, आणि तुझ्या आईला तो आजार होता म्हणून तुझं तर नक्कीच. म्हणून ती तुझ्या दारात येणार आहे.

तर ही बातमी. तुझा सत्त्याण्णव तुझा नव्हता, देया. तो आपल्या सगळ्यांचा होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. मी तुला फसवणार नाही. तुझ्या आईचा आजार खरा होता आणि त्याची भीतीही खरी आहे. तुला तो होणारच नाही असं मला लिहिता येत नाही, कुणालाच येणार नाही. पण उद्याचं मार्लेनीला जेवढं ठाऊक नाही, मला ठाऊक नाही, तेवढंच तुलाही ठाऊक नाही. चिठ्ठ्या काढून टाक. मांजर घे. गायला जा आणि ओळी विसर, सगळेच विसरतात.

इथे पत्र संपवता आलं असतं. मागची अकरा पत्रं ज्यापायी अडली ते मात्र पुढेच आहे. आकडे लिहून झाल्यावर येसेनियाने विचारलं, "आणि सर, तुमचा?" मी म्हणालो, "माझी नळी वाटेत फुटली होती, माझा निकाल आलाच नाही." विल्बेर्तोने माझ्याकडे बघितलं, कारण त्या वेळी पाकिटं त्यानेच वाटली होती आणि माझं त्याने माझ्या हातात दिलं होतं. तो काही बोलला नाही, तेवढं मोठं मन त्याच्यापाशी आहे. हेच उत्तर मी त्या रविवारी तुला दिलं होतं. तू केळी सोलता सोलता विचारलं होतंस, "तुझा आला का रे?" आणि मी म्हणालो, नळी फुटली. ते खोटं होतं. तुझ्या आधी दोन दिवस माझं पाकीट आलं होतं. शहाण्णव. तू मला तुझा आकडा वाचून दाखवत होतीस तेव्हा तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. आपलं दोघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. अशी दोन माणसं, दोघंही रांगेच्या टोकाची, एकाच घरात सापडणं किती अवघड, हे मी त्याच संध्याकाळी एका उत्तरपत्रिकेच्या मागे मांडून पाहिलं. हजारांत एखादं घर निघेल. मापातच काहीतरी चुकलं आहे, हे माझं गणित तेव्हाच सांगत होतं, आणि मी ती उत्तरपत्रिका फाडली. आधी भीतीने लपवलं. नऊ वर्षं आईचं केलेली बाई, आणखी एक रोगी समोर दिसला तर राहील का, असं वाटलं. पण तू तुझा आकडा सांगितलास तेव्हा मला काय वाटलं ते ऐक, देया. मला बरं वाटलं. आजारी तू होणार होतीस, आणि भरवणारा, न्हाऊ घालणारा, दारात उभा राहणारा मी होणार होतो. मला तुझ्यापुढे मोठं व्हायचं होतं. ते सगळं छान बोलणं मी खिशातल्या कागदावर हात ठेवून बोललो, आणि त्याच चांगुलपणाला घाबरून तू गेलीस. तो कागद मी तेव्हा काढून केळ्यांच्या सालींवर ठेवला असता तर तू हसली असतीस, मला ठाऊक आहे. म्हणाली असतीस, "चला, दोघं मिळून विसरू, भांडण कशावरून झालं ते तरी कुणाला आठवणार!" आणि केळी तळायला घेतली असतीस. मी तुला ये म्हणायला हे लिहिलेलं नाही, असं लिहिणार होतो, पण तेही खोटं झालं असतं. तू ये. माझ्यावर ओरडायला ये, थोबाडीत मारायला ये, पण ये. फक्त हे सांगितल्याशिवाय तसं म्हणायचं तोंड मला नव्हतं. सोमवारी शाळेत जाऊन मी सगळ्यांदेखत फळ्यावर चोविसावा आकडा लिहिणार आहे. त्याआधी तुला सांगितला. हा आकडा सगळ्यांत आधी तुलाच कळायला हवा होता.

तुझाच,
रांगेत तुझ्या लगेच पुढे उभा असलेला,
एलादियो